नमद्यावर जवसाचं तेल टाकू नोको

दादा,

"शाळा सोडली, आता मोटरीचीबी वाट लावतं का? हात लावू नोको तिले!" असं तू काल वयनीसमोर बोंबलला. तरी मी हात लावला.

इंजन खटखट वाजे ते माह्यानं नाही. वरच्या रॉकरले, झडपा हालवणाऱ्या दांड्यांले, तेल पाजणाऱ्या लोकरीच्या नमद्यावर तूच जवसाचं तेल टाकलं, ते लाखेवानी वाळलं. भाजीले चालते ते इंजनले चालत नाही. खालचं तेल तिथवर चढत नाही, वरून हातानंच द्या लागते.

नवे नमदे बसवले. लारीवाल्या सूर्यभानजीकडून मोटरीचं तेल मागून आणलं. आज वयनीले दवाखान्यात नेतानी मोझरीले थांब अन् झाकण उघडून पुन्हा पाज. नाही तर रॉकर अडकून मोटर रस्त्यातच उभी राहीन, वयनीच्या कळा थांबणार नाहीत. तेलाची कुपी तिच्याच पिशवीत ठेवली, तू विसरतं म्हणून.

नमद्यासाठी माही शाळेची जाड काळी टोपी कापली. तू हौसेनं आणली होती, मले मालूम हाय. ओरडू नोको.

तुह्या मोटरीत मी बसत नाही. अमरावतीले दवाखान्याच्या फाटकापाशी उभा राहतो. सूर्यभानजी लारीचा भोंगा वाजवून राहिले, मले आता निघा लागते.