कर्ण्यांच्या सणाआधी

प्रिय पप्पा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. डॉक्टरांनी बायपास महिन्याच्या आत करायला सांगितलं.
२. यरुशलेमात नवा चंद्र कोणत्या संध्याकाळी दिसेल, ते तुम्ही मला विचारलंत. मी काढून दिलं.
३. तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलून त्या संध्याकाळनंतरचं घेतलंत.
४. त्या संध्याकाळच्या नऊ दिवस आधी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर तुम्ही खाली बसलात. रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

आज लिहिते, कारण काल पास्टर भेटायला आले आणि आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तुमच्या सणानं माझा माणूस नेला. आता प्रार्थनेले काहून आले?" त्यांनी चपला घातल्या. मी दार लावून घेतलं.

तुमची मांडणी मला पाठ आहे. वल्हांडणाला क्रूस, बेखमीर भाकरीच्या सणाला कबर, प्रथमउपजाच्या सणाला पुनरुत्थान, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा. यहुद्यांच्या सात सणांपैकी चार ख्रिस्ताने पूर्ण केले, तीन राहिले. पुढचा कर्ण्यांचा, त्या दिवशी कर्णा वाजेल आणि ख्रिस्त परत येईल. तो सण चंद्र दिसल्यावरच धरत, म्हणून दिवस आधी कोणालाच कळत नाही, हे तुम्हीच सांगायचात. मग मला तारीख का मागितलीत?

"वाडीच्या गोदामातल्या ट्रकांच्या वेळा काढते, अन् बापाले एक चंद्र नाही काढून देत का वं?" म्हणालात. मला हसू आलं. दोन पद्धतींनी ताळा केला. कशाला हवी, हे विचारलं नाही. प्रश्न नेमका होता, उत्तर नेमकं दिलं. माझं काम तेवढंच होतं का?

पास्टरांनी तुम्हाला अडवलं होतं. आपल्याच घरी, चहा घेताना. "भाऊ, कर्णा वाजंल तेव्हा वाजंल. तुम्ही पहिले ऑपरेशन करून घ्या ना!"

"पोरीनं पक्की तारीख काढली आहे, पास्टर," तुम्ही म्हणालात. किती अभिमानाने! आई भाजी आणायला गेली होती. मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

तुमच्या बायबलमध्ये सणांचा तक्ता सापडला. मी काढलेल्या संध्याकाळभोवती लाल गोल आहे. खाली तुमचं अक्षर: यानंतर ऑपरेशन, गरज उरली तर.

गरज उरली तर! पप्पा, ख्रिस्ताची वाट छातीवर टाके घेऊनही पाहता आली असती. मी हे तेव्हा म्हणायला हवं होतं.

आई अजून पास्टरांनाच दोष देते. तेही तो दोष स्वतःवर घेतात, माझं नाव सांगत नाहीत. हे असं चालू देणार नाही. रविवारी दुपारी मी आईसमोर तक्ता ठेवीन आणि तारीख माझी होती, हे सांगेन. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही. तरी सांगेन, हे वचन.

तुमची हरकत असेल, तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

तुमची,
रूथ