रंगखात्यातला पंखा

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, तो थंडीचा. आईला सांगू नकोस. भाचीला दात आले का?

इथे मात्र मला किळस आली आहे, आणि निम्मी स्वतःचीच. कारखान्याच्या सूचना मी फ्रेंचमधून इंग्रजीत करतो. दोन्हीकडे सारखा दिसणारा लॅटिन वळणाचा शब्द तसाच ठेवायचा, ही आमच्या कचेरीची रीत. रंगखात्यातली वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवणं 'इव्हेंच्युअल' आहे, असं साहेबांनी लिहिलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ, जमलं तर. इंग्रजीत, उशिरा का होईना पण नक्की. मी डोळे झाकून तोच शब्द ठेवला. रंगखात्यातल्या बायका वर्षभर पंख्याच्या आशेवर वाफ गिळत राहिल्या. परवा एकजण भोवळ येऊन पडली.

मी साहेबांकडे गेलो, तर म्हणतात, "चूक मला तेव्हाच दिसली होती. पण बायका गप्प बसल्या, मग कशाला हात लावायचा?" वर मला चहा विचारला. ज्याला दुसऱ्याच्या श्वासापेक्षा आपली शांतता प्यारी, त्याचा चहा घशाखाली कसा उतरावा?

उद्या सगळ्या कामगारांपुढे बोलणार आहे. आधी माझी चूक सांगेन, मग साहेबांचं ते वाक्य, जसंच्या तसं. भावोजी म्हणतील, "याची जीभ याची नोकरी खाणार." त्यांना सांग, बहुतेक उद्याच.

माझी खोली झाडून ठेव.

तुझाच,
धाकटा