वाढत्या अंगाचं माप

तीर्थस्वरूप अक्का हिला,

धाकट्या भावाचा नमस्कार. कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा जेवढा झाला तेवढा गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो बोलतो असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. माझी कंबर खुर्चीतून उठताना बोलते. या वयात घरात आपलं ऐकून घेणारं कुणी नसलं तरी बोलणारं बरंच काही असतं, एवढंच समाधान. बाकी इकडे सगळे खुशाल. सुनेची रुग्णालयातली पाळी पुन्हा बदलली, चिरंजीव फिरतीवर आहेत, आणि दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला आहे. तुझी फार आठवण झाली, म्हणून आज सगळं बाजूला सारून लिहायला बसलो. शेवटी नेहमीसारख्या भिंगरीच्या दोन ओळी असतीलच. (माझी ही नात नऊ वर्षांची झाली, पण आजोबांच्या पत्राखाली दोन ओळी लिहून पाकीट आपणच चिकटवायचं, हा हक्क तिने सोडलेला नाही.)

भिंगरी रविवारी सकाळी वाचनालयातल्या मुलांच्या मंडळात जाते, हे मी तुला कळवलं होतं. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई ते चालवतात. मुलांना घेऊन तळ्यावर, गवतात, जुन्या भिंतीपाशी जायचं, मुंग्या, ढग, शेवाळ जे दिसेल ते बघायचं आणि वहीत उतरवायचं. सुनेची पाळी रविवारीच येते, त्यामुळे सोबत जाणं माझ्या गळ्यात पडलं. (टेप आधीच गळ्यात असतो, त्यात आणखी एक.) मला वाटलं होतं, बाकावर बसून डुलकी काढता येईल. पण बाई मोठ्या माणसांनाही बसू देत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक भिंग आणि एक दगड दिला आणि अर्धा तास दगडाकडे बघायला लावलं. पंधरा मिनिटं मला दगडच दिसला. त्यानंतर त्यावर कुणीतरी राहतं असं दिसायला लागलं, आणि अक्का, खरं सांगतो, अर्धा तास झाल्यावर तो दगड परत द्यावासा वाटेना.

बाईंचा एक नियम आहे. जे पाहिलं ते सरळ लिहायचं आणि जे नुसतं वाटलं ते कंसात टाकायचं. एका मुलाने लिहिलं, मुंगी दमली. बाईंनी विचारलं, तू काय पाहिलंस? तो म्हणाला, मुंगी थांबली. मग मुंगी थांबली बाहेर राहिलं आणि दमली कंसात गेली. मला हा नियम इतका आवडला की मी गिऱ्हाइकांवर चालवून पाहिला. एका बाईंनी सांगितलं, मागचा झगा तुम्ही बिघडवलात. मी म्हटलं, झगा घट्ट झाला एवढं दिसतंय, बिघडवला हे कंसात घ्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. या पत्रातही मी तोच नियम पाळायचा प्रयत्न करतो आहे, जमेल तेवढा.

तळ्यावरच्या सहलीत माझी काय शोभा झाली, ते ऐक. चिखलात जनावरांच्या पावलांचे ठसे शोधायचे, त्यात प्लॅस्टर ओतायचं आणि वाळलं की उचलायचं. मुलांनी कुत्रा शोधला, बगळ्यासारखं काहीतरी शोधलं, आणि भिंगरीच्या गटाला एक मोठा ठसा सापडला. त्यांनी बाईंसमोर सगळं मांडलं: प्राणी दोन पायांचा आहे, अंगाने जड आहे, डावी टाच जास्त दाबतो, वयस्कर असावा (हे कंसात), आणि एकाच जागी गोल गोल फिरलेला आहे, म्हणजे त्याचं काहीतरी हरवलं असावं (हेही कंसात). तो प्राणी मीच होतो. माझा चष्मा हरवला होता आणि मी तो तळ्याकाठी वीस मिनिटं शोधत होतो. चष्मा कपाळावर होता, हे मात्र त्यांच्या निरीक्षणातून सुटलं, आणि मीही सांगायला गेलो नाही. तो प्लॅस्टरचा ठसा आता वाचनालयात काचेच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी लावली आहे, नाव अज्ञात. मुलांपैकी एकाचे वडील दंतवैद्य आहेत, ते त्याच्यापुढे उभे राहून मोठमोठ्याने हसले. माणूस वाईट नाही, पण सतत दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून बोलायची सवय असल्यामुळे आपल्याला कुणी उत्तर देईल, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. वाचनालयाच्या मागे एक झाड आहे. मंडळातल्या प्रत्येक मुलाने वर्षभर एकच गोष्ट बघायची आणि वर्षाच्या शेवटी ती भिंतीवर मांडायची, असं ठरलं होतं. कुणी ढग घेतले, कुणी कोळ्याचं जाळं. भिंगरीने ते झाड घेतलं. झाड वाढतं असं सगळे म्हणतात, पण वाढताना कुणी पाहिलंय का, असा तिचा प्रश्न. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिचे हात खोडाभोवती पुरत नव्हते. मी म्हटलं, सरक बाजूला, मापं घेण्यात उभा जन्म गेला माझा. खोडावर तिने खडूने रेघ मारली, मी रेघेवरून टेप फिरवला आणि आकडा सांगितला. बावन्न इंच. तिने वहीत लिहिला. पाहिलं म्हणून लिहिला, कंसात नाही.

पुढे वर्षभर ती त्या झाडापाशी जात राहिली. किती पानं पिवळी, साल कुठे सुटली, मुंग्या कोणत्या बाजूने चढतात, सगळं लिहिलं. खडूची रेघ पुसत आली की पुन्हा मारायची. माप मात्र वर्षाने घ्यायचं म्हणून धीर धरला. तीन आठवड्यांपूर्वी तो दिवस आला. मला लांब उभं करून, बाईंना टेपचं टोक धरायला लावून तिने स्वतः माप घेतलं. पन्नास आणि पाऊण. पुन्हा घेतलं. पन्नास आणि पाऊण. झाड सव्वा इंचाने बारीक झालं होतं.

मुलं हसली. मुलं हसणारच. दंतवैद्य म्हणाले, झाड आतून किडलं असेल, पोकळी तपासायला हवी. मग भिंगरीचं तोंड बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण ते मवाळ आवाजात म्हणाले की लहान मुलांचं मोजण्यात चुकायचंच. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, काय हो, तुम्ही तर यातले जाणकार. आणि मी म्हणालो, मुलंच ती.

त्या वेळी मला काही ठाऊक नव्हतं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पण मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दुकानात एक आई मुलाला घेऊन आली. गणवेशाचा शर्ट. मी छातीभोवती टेप धरला. टेपवर चोवीस होते आणि माझ्या तोंडून निघालं सव्वीस. नेहमीसारखंच निघालं. लहान मुलाचा कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा, म्हणून दोन इंच वाढवूनच आकडा उच्चारायचा, हे मी वयाच्या सतराव्या वर्षी शिकलो आणि त्यानंतर एकदाही विसरलो नाही. आई खूश होऊन म्हणाली, हो हो, पुढच्या वर्षीही बसला पाहिजे. आणि माझा हात त्या पोराच्या छातीवर तसाच राहिला. शेवटी त्या आईनेच मला पाणी दिलं.

झाडाच्या खोडाभोवती पन्नास इंच भरले होते, अक्का. समोर आठ वर्षांची नात, हातात टेप, आणि वाढेल असं सांगितलेलं अंग. मी झाडाचं वाढत्या अंगाचं माप घेतलं.

यात हसण्यासारखं आहे, हे मला कळतं. पहिले दोन दिवस मीही एकटाच हसलो. पण मग वाटायला लागलं की इतकी वर्षं माझ्यापुढे एवढी मुलं उभी राहिली, त्यातल्या एकाचंही मी आहे तेवढं माप घेतलं नाही. पुढच्या वर्षीच्या मुलाचं घेतलं. आरशात बघताना बाह्यांतून त्यांची बोटंही दिसायची नाहीत, आणि मी, त्यांच्या आया, सगळे मिळून सांगायचो, थांब जरा, बसेल. तुझा तो निळा झगा आठवतो? शाळेच्या पहिल्या दिवशी तू बाह्या चार वेळा दुमडल्या होत्यास, आणि अंगाला नीट बसेपर्यंत त्याचा निळा रंग राहिला नव्हता. तू कधी बोलली नाहीस. बाई त्या मुलांकडे बघतात तेव्हा ती आज जेवढी आहेत तेवढीच बघतात, याचा मला हल्ली हेवा वाटतो. दुकानाच्या दाराच्या चौकटीवर चिरंजीवांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्यांच्याही वर माझी एक आहे, ती परवा बराच वेळ बघत बसलो. तेवढ्या खुणा मात्र खऱ्या आहेत. तिथे टेप नव्हता, डोक्यावर वही टेकवली होती.

येत्या रविवारी भिंतीवर सगळ्यांची पानं लागणार आहेत. भिंगरीचं पान बाईंनी बाजूला ठेवलं आहे. त्यांनी तिला खोटं ठरवलं नाही, फक्त म्हणाल्या, पुन्हा तपासू. पण ती दोन रविवार गेलेली नाही. दुकानात येऊन बटणं रंगांप्रमाणे लावत बसते. चार दिवसांपूर्वी तिने तिची ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, आजोबा, उरलेली पानं तुम्ही मापांना घ्या, मला मोजता येत नाही. ती रडत नव्हती, हे पाहिलं ते लिहिलं. रडली असती तर बरं झालं असतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही, आणि म्हणालो काय, तर दोरा संपलाय, जरा पांढरा आण. त्यानंतर रोज ठरवतो आणि रोज मूग गिळून बसतो. गल्लीत माझ्या टेपवर कुणी शंका घेत नाही, हे एक कारण. पण खरं कारण वेगळं आहे. चूक माझी होती, इतकं सांगणं मला जमेल. सगळ्यांसमोर मी तिच्याकडे बोट दाखवलं, मुलंच ती म्हणालो, हे सांगताना तिच्याकडे बघायचं कसं, ते मला कळत नाही. तिचं मोजणं बरोबर होतं. झाड पाऊण इंच वाढलं आहे. आम्हां सगळ्यांत एकट्या तिने आहे तेवढंच माप घेतलं. याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे वाक्य कंसात टाकायला मी तयार नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. भावजींना नमस्कार.

तुझा,
वयाने धाकटा, शहाणपणाने त्याहून धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र मी आता उघडंच कापायच्या टेबलावर, मोठ्या कात्रीखाली ठेवणार आहे आणि दोरा आणायला जाणार आहे. दोरा भरपूर आहे. भिंगरी शाळेतून आली की दोन ओळी लिहिण्याआधी वरचं वाचते, हे मला माहीत आहे. तेव्हा हे पत्र एवढं लांब का झालं आणि ते कुणासाठी आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. काही म्हण, तोंडाने जमलं नाही ते असं करतो आहे.

आणखी एक. पाकीट ती चिकटवते आणि आपलं लिहिलेलं मला दाखवत नाही. तेव्हा तिने खाली काय लिहिलं आहे, ते मला उलट टपाली कळव. नुसता नमस्कार असला तरी कळव. तुझी फार आठवण झाली म्हणून लिहायला बसलो, असं मी वर म्हटलं आहे, ते कंसात धर.

*

अक्काआजी, नमस्कार.

वार गुरुवार. वेळ पावणेपाच. हवा कोरडी. वरचं सगळं वाचलं.

दोन इंच हे आजोबांनी सांगितलं आहे, मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तपासलं. आजोबा परत आल्यावर त्यांना दुकानातल्या मांजराचं माप घ्यायला सांगितलं. टेपवर चौदा होते, आजोबा सोळा म्हणाले. मांजर म्हातारं आहे, आता वाढणार नाही, तरी. म्हणजे बरोबर आहे. बावन्न वजा दोन, पन्नास. झाड पाऊण इंच वाढलं. वही परत घेतली आहे. त्यांनी एका पानावर पँटचं माप लिहून ठेवलं होतं, ते खोडलं.

रविवारी नऊ वाजता आजोबांना तयार राहायला सांगितलं आहे. बाईंना आणि दंतवैद्य काकांना ते स्वतः सांगणार. ते दोनदा हो म्हणाले. (मला वाटतं ते घाबरलेत. मी त्यांचा हात धरणार आहे.)

दाराच्या चौकटीवरची आजोबांची खूणही तपासली. त्यांना खुणेखाली उभं केलं आणि डोक्यावर वही टेकवली. आजोबा खुणेपेक्षा एक इंच खाली आले आहेत. तीनदा बघितलं. ते विचारत होते किती, मी म्हटलं, तेवढेच. पाकीट मीच चिकटवते, त्यामुळे त्यांना हे कळणार नाही. सांगायचं की नाही ते तू कळव.

(मला वाटतं, नको.)