बी डिव्हिजनचे प्रेक्षक

भिंगार,
दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. दादा यांस,
अजिनाथचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्ही दीपाकडून निरोप दिलात, की फोन करू नकोस, पत्र लिही. बरोबर आहे तुमचं. फोनवर मी एकटाच बडबडतो, मध्येच सवयीने ऐकताय ना दादा म्हणून विचारतो, आणि तिकडून हूं आलं नाही की गप्प होतो. घशाच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं. आवाज गेला तुमचा, पण अडखळतो मी.

काल आपल्या उदय फुटबॉल संघाची मॅच झाली. तीन-एक हरलो. हरण्याचं काही नाही, बी डिव्हिजनमध्ये आपण हरण्यासाठीच आहोत असं आता सगळे धरून चालतात. पण मैदान बघवत नाही. निवडणुकीच्या सभेच्या मंडपाचे खड्डे तसेच होते, ते आधी बुजवले. मग फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, जाळ्या बांधल्या. पोरं आली ती थेट बूट घालायलाच. त्यांना तरी काय रागवायचं, कंपनीतून रात्रपाळी करून आलेली असतात.

बघायला कोण होतं ते तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. दोन रिटायर सुभेदार फिरायला येतात, ते प्रत्येक फेरीला जरा थांबून पुढे जात होते. शेळ्या घेऊन एक म्हातारी होती. तिची एक शेळी कॉर्नरचा झेंडा खायला लागली म्हणून रेफरीने खेळ थांबवला. आपला कॅप्टन तुषार, त्याची बायको लेकराला घेऊन हाफटाइमपर्यंत बसली. कठड्यावर दोन तरुण दिसले म्हणून मला बरं वाटलं. जवळ गेलो तर मोबाईलवर परदेशातली मॅच बघत होते. आपला गोल झाला तेव्हा पोरं ओरडली, तशी त्यांनी मान वर करून मला विचारलं की इथे काय चाललंय.

रस्त्यापलीकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटची स्पर्धा होती. तिथे माणसांना उभं राहायला जागा नव्हती. डीजेच्या आवाजात आपल्या रेफरीची शिट्टी पोरांना ऐकू येत नव्हती. चहावाला छगनही तिकडेच गाडी लावतो आता. त्याने मला लांबून हात केला, पण आला नाही. त्याचं तरी काय चुकलं?

गोलमागे तुम्ही उभे राहायचात तिथे कमरेएवढं गवत झालंय. बॉल गेला की शोधायला वेळ लागतो.

माझा गुडघा दुखतो. कडूबाई म्हणते की शाळेतून रिटायर झालात तसे मैदानातूनही व्हा. तिचं ऐकावं असं कधी कधी वाटतं. प्रकृतीला जपा. दीपाला, जावईबापूंना जयभीम. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपला,
अजिनाथ


बेलापूर,
दि. ३० नोव्हेंबर २०२४

चि. अजिनाथ यास,
रंभाजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तीन-एक म्हंजी आपला एक गोल झाला की! तो कुणी मारला, कसा मारला, ते लिहायचं सोडून शेळीचं लिहितोस. शाळेच्या हापिसात इतकी वर्षं काय लिहीत हुतास कुणास ठाऊक.

माझं बरं हाय. इथं उसाचे ट्रॅक्टर दिवसभर चालूत. दीपा शाळेत जाती, जावई दुकानात जातात. मी ओट्यावर बसतो. काय लागलं तर पाटीवर लिहितो. लोक लई चांगले हायेत, पण एक गंमत सांगतो. मला बोलता येत न्हाई म्हणल्यावर त्यांना वाटतं मला ऐकू पण येत न्हाई. माझ्या कानाशी येऊन बोंबलत्यात.

गवत वाढलं हे वाचून वाईट वाटलं. मी डेपोत कामाला हुतो तवा सुट्टी झाली की आमी सायकलीवर सरळ मैदानात यायचो. सायकली टेकवायला झाड मोकळं नसायचं. मी गोलमागनं ओरडायचो की डावीकडं बघ, डावीकडं बघ, आन् सगळं भिंगार तेच ओरडायचं. समोरच्या संघाचा गोलकीपर एकदा रेफरीकडं रडत गेल्ता, का तर या मानसाला इथनं हालवा.

आता एक नीट ऐक. संघ मोडायचा न्हाई. गुडघ्याला तेल लाव, दुखू दे थोडं. पोरं जमव. पुढच्या मॅचचं सगळं लिही, कोण आलं, कोण न्हाई आलं, गोल कसा झाला. मी वाट बघतोय. कडूबाईला सांग, रागावू नको. तिच्या हातची भाकर आठवती.

तुझाच,
रंभाजी


भिंगार,
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. दादा यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

कसं लिहावं कळत नाही, तरी लिहितो. काल मॅच झालीच नाही. आपली सहाच पोरं आली. सात तरी लागतात. दोघंजण सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर गेले होते, ते परत येऊन तापाने पडलेले. बाकीच्यांना कंपनीने रविवारी बोलावलं. सगळ्यांच्या घरी मीच फिरलो, तापाची दोघं अंथरुणात होती आणि बाकीचे खरंच कामावर गेलेले, कुणी खोटं बोलत नव्हतं.

रेफरी भला माणूस. घड्याळ बघून न बघितल्यासारखं करत राहिला. समोरचा संघ तयार होऊन उभा, ऊन वाढलेलं. शेवटी तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला की काका, आता मला शिट्टी वाजवावी लागेल. म्हटलं, वाजवा. त्याने शिट्टी वाजवली आणि आपण वॉकओव्हरने हरलो. त्या संघाच्या पोरांनी येऊन माझ्याशी हात मिळवले. एक जण तर जाळ्या सोडायला लागला. दादा, त्या पोराच्या मदतीचंच मला जास्त लागलं.

आणखी एकदा असं झालं तर संघ लीगमधून बाहेर. पुढची मॅच बावीस तारखेला, पारनेरच्या संघाशी. तुम्ही म्हणालात मोडायचा नाही, तर मी मोडणार नाही. उद्यापासून संध्याकाळी तुषारच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहतो, पाळी सुटताना एकेकाला धरतो. तुषार नुसता हो काका म्हणतो. त्याचेही डोळे खोल गेलेत.

दमायला होतं, पण तुमचं पत्र वाचलं की उठतो. कळावे. आहात तसेच पाठीशी राहा.

आपला,
अजिनाथ


बेलापूर,
दि. १४ डिसेंबर २०२४

ती. काकांना,
दीपाचा सादर जयभीम वि. वि.

हे पत्र आबांना न सांगता लिहिते आहे. फोन केला असता, पण मी फोनवर बोलले की ते समोर येऊन बसतात, आणि त्यांचे कान किती तिखट आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

काका, तुमची पत्रं आली की आबा हसत नाहीत. मला आधी वाटायचं हसतात. पत्र वाचून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. परवाचं पत्र आल्यावर जेवले नाहीत. मी शेवटी जरा चिडूनच बोलले, की आबा, तुम्हाला इतका त्रास होतो तर काकांना संघ चालवायला का लावता, सोडून द्या म्हणून लिहा की. त्यावर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, की अजिनाथला पोरबाळ न्हाई, नोकरी संपली, मी इकडं आलो. रविवार पण काढून घेतला तर तो कशासाठी उठंल? मी म्हणतो म्हणून तरी उठतोय.

मी पाटी पुसून त्यांच्या हातात दिली.

आता त्यांनी बावीस तारखेला भिंगारला यायचं ठरवलंय. डॉक्टर धुळीत जाऊ नका म्हणतात. आम्ही अडवलं तर ते पहाटे एकटेच एसटीत बसतील, म्हणून हे त्यांना गाडीने आणून सोडतील. गळ्याला रुमाल बांधून ठेवायला सांगा, ऑपरेशनच्या छिद्रात धूळ जाते. तुमच्यावर आणखी एक ओझं टाकते आहे, पण तुम्हाला कळलेलं असावं असं वाटलं. काकूंना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
दीपा


भिंगार,
दि. २३ डिसेंबर २०२४

चि. सौ. दीपास,
अजिनाथकाकाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

दादा काल रात्री सुखरूप पोचल्याचं जावईबापूंनी कळवलं. रुमाल त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, मी लक्ष ठेवून होतो. आता झालं ते सांगतो, कारण ते तुला पाटीवर तुकड्यातुकड्यांनी सांगतील.

आठ पोरं जमली. गेटवर उभं राहिल्याचा उपयोग झाला म्हणायचा. पारनेरचे अकराच्या अकरा, वर बदली खेळाडू. दादांनी उतरल्या उतरल्या मैदानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सरळ जाऊन गोलमागे गवतात उभे राहिले. सुभेदारांनी त्यांना ओळखलं आणि तेही थांबले. आमचे प्रेक्षक तेवढेच.

आठ जण किती धावणार? पंधराएक मिनिटं तुषारने गोल सांभाळला. मग पारनेरचा एक पोरगा डावीकडून एकटाच सुटला आणि तुषार उजवीकडे बघत होता. मला इकडून दादा दिसत होते. त्यांनी दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज नाही. नुसती हवा. गोल झाला. तुषारने जाळीतून बॉल काढायला पाठ वळवली तर समोर दादा तसेच, तोंड उघडं ठेवून. दीपा, तो पोरगा बॉल हातात घेऊन तिथेच उभा राहिला. रेफरीला दोनदा शिट्टी वाजवावी लागली.

हाफटाइमला दादा चालत माझ्याकडे आले. मी पाण्याची बादली घेऊन जमिनीवर बसलो होतो, तेही शेजारी बसले. त्यांनी पाटीवर लिहिलं, दमलास ना? मला तुझं पत्र पाठ झालेलं. त्यांना आणखी घोर नको म्हणून नाही म्हणायचं असं मी ठरवूनच आलो होतो. पण मी होय म्हणून नुसती मान हलवली. आम्ही दोघं मुके भाऊ बसलो होतो म्हण ना. मग त्यांनी खाली लिहिलं, मी पन. आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या हाताने मला धीर आला. मी त्यांना सांगितलं, की दादा, तुम्ही मोडू नको म्हणालात म्हणून मी चालवत होतो, मला वाटायचं संघ गेला तर तुम्ही खचाल. त्यांनी कपाळावर हात मारला. खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते ते आवाजाशिवाय ओळखता येत नाही, आणि मीही विचारलं नाही.

पाच-शून्य हरलो. मॅच संपल्यावर पोरांना बसवून मी म्हणालो, की आता यापुढे संघ उतरवत नाही, तुमच्यापैकी ज्याला जिथे खेळायचं तिथे खेळा, संघ सोडायच्या कागदावर मी सही देतो. वाटलं होतं पोरं नाराज होतील. पण तुषार खाली बघत म्हणाला, की काका, श्रीरामपूरचा एक संघ मला दोन वर्षं बोलावतोय, आमी तुमच्यासाठीच येत हुतो. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुणासाठी कोण राबत होतं, काही कळेनासं झालं.

मी त्याला तिथेच सही दिली. लीगमधले राहिलेले सामने सोडून देत असल्याचं रेफरीला सांगितलं. त्यानेही बरं म्हणून माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

घरी आल्यावर दादांनी कडूबाईच्या हातची भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि गाडी येईपर्यंत गाढ झोपले. काळजी करू नकोस. बरी आहे ती झोप. आम्हा म्हाताऱ्यांना असंच सांभाळून घे.

तुझा,
काका


बेलापूर,
दि. २० जानेवारी २०२५

चि. अजिनाथ यास,
रंभाजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रविवारी दुपारभर झोपलास म्हणून कडूबाईनं डॉक्टरला फोन लावला, हे वाचून दीपा लई हासली. झोप. अजून पंधरा-वीस रविवार झोपलास तरी चालंल. तू लिहितोस की मैदानावरनं गेलो तर काही वाटलं न्हाई, आन् काही वाटलं न्हाई याचंच वाईट वाटलं. मला पन तसंच झालं. पहिले आठ दिवस मी रोज सकाळी उठून विचार करायचो की आज अजिनाथला काय लिहायचं. मग आठवायचं, की लिहिण्याजोगं आता काई न्हाई. जाईल ते.

काल तुषारचा नवा संघ श्रीरामपुरात खेळला. त्यानं दीपाला फोन करून आबांना आना म्हणून सांगितलं. जावयानं गाडीवर सोडलं. तिथं पन बी डिव्हिजनच, मानसं तिथं पन थोडीच. पर एक लाकडी बाकडं हाय. मी गोलमागं गेलो न्हाई, बाकड्यावर बसलो.

एक गोष्ट तुला सांगतो. आपला तुषार गोलात उभा राहून सारखा सोताशीच बोलत असतो. बॉल लांब असला की खांबाला हात लावून येतो. घाबरला की हातमोजे काढून परत घालतो. इतकी वर्षं तो माझ्यासमोर दहा पावलांवर उभा हुता, आन् मला हे ठाऊक न्हवतं. मी ओरडत हुतो ना!

शेजारी एक बाई येऊन बसली. तिचा नातू पुढं खेळतो. तिनं मला विचारलं की तुमचं कोण हाय यात. पाटी घरी राहिल्याली. मी गोलाकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, व्हय का, गोलकीपरचे वडील का तुमी, लई चांगलं पोरगं हाय, मघाशी माझ्या नातवाला हात देऊन उठवलं त्यानं. मी न्हाई कसं म्हननार? मान हलवली. तिनं पिशवीतनं पेरू काढला, अर्धा मला दिला.

एक गोल त्यानं खाल्ला, दोन वाचवले. मी शेवटपर्यंत त्याचा बाप म्हणून बसलो. मॅच संपल्यावर तो चिखलाच्या हातानं माझ्या पाया पडला, तवा बाई म्हणाली की बघा, मी म्हणलं न्हवतं का.

कडूबाईला जयभीम. जमंल तसं लिहीत जा, नसलं लिहायला तरी लिही.

तुझा,
रंभाजी