यहूदाचं मृत्युपत्र

लास लोमास,
झावळ्यांचा रविवार, १२ एप्रिल १९८७

आदरणीय ओतिलियाबाई,

टक्-टक्, टक्-टक्, टक्. आठवतो हा आवाज? एउलोखियाबाई कविता शिकवताना टेबलावर पट्टी आपटून ताल धरायच्या, तो. आज चर्चमधल्या मिस्सेत सगळ्यांच्या हातात झावळ्या सळसळत होत्या आणि माझ्या कानात मात्र साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची ती पट्टी वाजत होती. कवितेचा अर्थ कळायच्या आधी मला तिची चाल कळली ती त्या पट्टीमुळं. पुढे तारघरात चिकटलो तेव्हा तारेचं यंत्रही मला तसंच वाटायचं. डोंगरापलीकडून कुणीतरी मला एकट्यालाच वृत्तं शिकवतंय, असं.

देवाच्या कृपेनं तुम्ही माराकाइबोत सुखरूप असाल आणि तळ्याकाठचा उकाडा यंदा बेतानं असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे, गुडघे सोडून. तुमचा पत्ता कसा मिळवला ते विचारू नका. चाळीस वर्षं तार-टपालात काढलेला माणूस आहे मी.

गावाची खबर अशी. कॉफी बऱ्यापैकी फुलली. तारघराच्या जागी आता न्हाव्याचं दुकान आहे. जिथं माझं यंत्र होतं तिथं आरसा लावलाय, त्यामुळं मी दाढी घरीच करतो. तुमची बहीण कांदेलारिया खणखणीत आहे. तुम्ही दोघी एकमेकींना पत्र लिहीत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून तिची खुशाली मीच कळवतो. घरात एकटीच असते, काठी घेऊन चालते, पण ती काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त.

ईस्टरच्या संध्याकाळी, येशूला तीस नाण्यांसाठी पकडून देणाऱ्या यहूदाला चौकात जाळायची आपली रीत अजून चालू आहे. बाहुला कांदेलारियाच शिवते आणि काडीही तीच लावते. जाळण्याआधी यहूदाचं मृत्युपत्र वाचलं जातं, तेही तसंच: कंजुषाला यहूदाची थैली, चुगलखोराला त्याची जीभ, आळशाला त्याची खाट. पूर्वी कोणी लिहिलं ते कळायचं नाही, कागद गुपचूप वाचणाऱ्याच्या दाराखालून सरकवलेला असायचा. गेली तीस वर्षं मी उघडपणे लिहितो आणि मीच वाचतो. लोक हसतात. ज्याच्यावर लिहिलं तोही बहुतेकदा हसतो.

पण यंदाचं वेगळं आहे. चर्चमधल्या दुःखी मातेच्या मूर्तीचा चांदीचा मुकुट गेल्या महिन्यात नाहीसा झाला. कुलूप फुटलेलं नाही. किल्ली चर्चचा सेवेकरी नेक्तारियो याच्याकडे. तुम्ही त्याला पाहिलेला नाही, तुम्ही गेल्यावर जन्मला. गरीब, अबोल माणूस. आता त्याची बायको पाव आणायला गेली की दुकानातल्या गप्पा थांबतात.

काल कांदेलारियानं मला अंगणात बोलावलं. पोत्यात पेंढा कोंबत होती.

“एवारिस्तो, यंदा चार ओळी नेक्तारियोवर. अशा लिही की त्याला मिस्सेत मान वर करता येऊ नये.”

“त्यानंच नेला हे कोणी पाहिलं?”

“किल्ली कोणाकडे होती? तुझ्या आजीकडे?”

“पण समजा—”

“तू समजू नकोस, तू यमक जुळव. तेवढंच येतं तुला.” आणि बाहुल्याच्या डोक्यावर तिनं एक गवती टोपी बसवली. अगदी नेक्तारियोची असते तशी.

तुम्हाला हे सगळं का कळवतोय, ते पुढच्या पत्रात लिहीन म्हणतो. आज बोटं दुखतात.

आपला जुना शाळासोबती,
एवारिस्तो पारेदेस

*

बुधवार, १५ एप्रिल

ओतिलियाबाई,

पहिलं पत्र अजून टपालात टाकलेलं नाही. पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्यासारख्या टपालवाल्यानं असं करावं म्हणजे कमालच.

लहानपणापासून मला एक खोड आहे. एखादी गोष्ट कळली नाही की ती दाताखाली खड्यासारखी राहते. तीन दिवस मी नेक्तारियोकडे टक लावून बघतोय. तो चर्च झाडतो तेव्हा बाकावर बसून बघतो, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडतो तेव्हा बघतो. सोमवारी त्याच्या पायात नवे बूट दिसले. कातडी, तपकिरी. माझ्या डोक्यात लगेच ओळ तयार झाली, बाई, अगदी आपोआप, पट्टीच्या तालावर. ‘मुकुट गेला, बूट आला.’ चांगली ओळ आहे. घरी येईपर्यंत मी ती चघळत होतो आणि दाराशी आल्यावर मला माझीच शिसारी आली.

म्हणून काल फादर लिसान्द्रोंकडे गेलो. तरुण आहेत, तिशीचे. मोटारसायकलची साखळी काढून बसले होते, हात काळे.

मी विचारलं, “फादर, यहूदा आत्ता कुठं आहे?”

“मला काय विचारता? मी काय त्याचा घरमालक?”

“नरकातच ना?”

त्यांनी हात पुसले. म्हणाले, “गंमत सांगू? चर्चनं हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केलंय. पण अमुक माणूस नरकात गेला, असं आजवर एकाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही. यहूदाचंसुद्धा नाही. ते खातं आपल्याकडे नाहीच.”

बाई, मी चौऱ्याहत्तर वर्षं मिस्सा ऐकतोय, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं! परत येताना चौकात थांबून मी यहूदाला जाळतात त्या खांबाकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. शेवटच्या क्षणी, पस्तावून स्वतःच गळ्यात दोर अडकवल्यावर, त्या माणसाच्या मनात काय आलं असेल? आणि ते ऐकणारा एकच होता, तो काय म्हणाला असेल? आपल्याला कधीच कळणार नाही. मला न कळण्याचा नेहमी राग येतो. पण काल राग आला नाही, हायसं वाटलं.

पण निघण्याआधी मी त्यांना आणखी एक विचारलं होतं, तेच सांगायचं टाळतोय. मी म्हटलं, “फादर, समजा एखाद्यानं दुसऱ्याबद्दल चारचौघांत काही लिहिलं. आणि ते खोटं होतं असं पुढं कळलं, तर त्यानं माफी मागायला हवी ना?”

“खोटं होतं असं कळलंय का त्याला?”

“नाही. तो त्याचीच वाट बघतोय. शेहेचाळीस वर्षं.”

साखळी चढवता चढवता ते थांबले. “आणि खरं निघालं तर? मग लिहिलं ते बरोबर?”

तेवढं ऐकून मी निघालो. तुम्हाला आता कळलंच असेल मी कोणाबद्दल विचारत होतो. किंवा तुम्हाला ते माझ्याही आधीपासून ठाऊक आहे.

एवारिस्तो

*

ईस्टरचा सोमवार, २० एप्रिल, सकाळ

ओतिलिया,

शाळेत ‘तू’ म्हणायचो, तसंच म्हणतो. ‘तुम्ही’च्या आड उभं राहून हे लिहिता येणार नाही.

एकेचाळीस सालचं मृत्युपत्र मी लिहिलं होतं. तेव्हा ते वाचणाऱ्या औषधवाल्याच्या दाराखालून कागद मीच सरकवला. त्यातल्या तुझ्यावरच्या ओळी मला रोज पाठ म्हणून पाहाव्या लागतात, त्या जात नाहीत.

ओतिलियाला ठेवतो माझ्या वहाणांचा हा जोड,
गुरुवारच्या वाटेची तिला लागली आहे ओढ;
तळ्याकाठी खोली तयार, तयार आहे खाट,
सांगू नका कुणाला, की कोण बघतो वाट!

सगळा चौक हसला. त्यानंतर तुझ्या वडिलांनी दार लावून घेतलं, कांदेलारियानं तुझं गाठोडं पायरीवर आणून ठेवलं, आणि पुढच्या गुरुवारी तू तळ्याकडच्या बसमध्ये चढलीस ती परत आली नाहीस.

तुझ्या नावची तार दर महिन्याला तळ्याकडून यायची. ‘गुरुवारी ये. खोली तयार. कुणाला सांगू नको.’ खाली नाव नसायचं. मी ती उतरवून घ्यायचो, घडी घालायचो आणि तू खिडकीशी यायचीस. ती तार कोण पाठवतं या विचारानं मी झोपायचो आणि उठायचो. कुतूहल, असं मी स्वतःला सांगत आलो. नुसतं कुतूहल नव्हतं ते. महिनाभर मी तू खिडकीशी येण्याची वाट बघायचो आणि दर महिन्याला तुझ्या हातात दुसऱ्याचं बोलावणं द्यायचो. तीन वर्षं. त्या वर्षी ते माझ्याच्यानं पचलं नाही. हे मी पापनिवेदनातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

आणि मूर्खपणा बघ. त्या ओळींत मी तारेतलेच शब्द वापरले, कारण ते वृत्तात बसत होते. ते शब्द जगात तिघांनाच माहीत होते: पाठवणाऱ्याला, तुला आणि मला. कागद वाचला जात होता तेव्हा तू गर्दीतून वळून माझ्याकडे पाहिलंस. तारघराच्या पायरीवर उभा होतो मी. तू एक शब्द बोलली असतीस, ‘या माणसानं माझी तार फोडली,’ तर माझी नोकरी गेली असती, तुरुंगही बघितला असता. तू काही बोलली नाहीस. खाली बघितलंस आणि निघून गेलीस. मला जाळायची काडी तुझ्या हातात होती, आणि तू ती लावली नाहीस. का, हे मला अजून कळलेलं नाही.

आता कालचं सांगतो. पाच वाजता चौक भरला. यहूदा खांबावर, नेक्तारियोची टोपी डोक्यावर. नेक्तारियो स्वतः चर्चच्या पायरीवर, बायकोशेजारी उभा. पळून गेला नव्हता. सगळे आधीच हसायच्या तयारीत. कोणीतरी ओरडलं, “सोडू नका हं त्याला, दॉन एवारिस्तो!” कांदेलारिया पुढं, काड्यांची पेटी घेऊन. मी कागद उघडला. त्यात चारच ओळी होत्या.

यंदा माझी दोरी, चंची, तीस नाणी सारी
पोचवा एवारिस्तो पारेदेसच्या दारी;
एकेचाळीस साली यानं तार फोडली चोरून,
एका पोरीस गावाबाहेर घालवलं यमक जोडून.

आधी हसले. म्हाताऱ्याची चेष्टा वाटली त्यांना. मग मी कागद खिशात घातला आणि साध्या बोलीत सांगितलं. तुझं नाव घेतलं, ते घेणं भाग होतं, क्षमा कर. म्हटलं, त्या तारा कुणाच्या होत्या हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही, आणि माहीत असतं तरी तो निवाडा माझ्याकडे नव्हता. मुकुटाचंही तेच. ज्याला सगळं दिसतं त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही. मग आपल्याला एवढी घाई कसली?

फार सुंदर भाषण झालं असं समजू नकोस. मध्येच ठसका लागला, आणि मागून एक बाई म्हणाली, “हे काय, पुढं नाही? एवढ्यासाठी आलो आम्ही?”

मी कांदेलारियाकडे पाहिलं. तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. नाही, बरं झालं पाहिला नाहीस. तिनं काड्यांची पेटी खांबाच्या बुडाशी ठेवली, अगदी हळू, अंडं ठेवावं तशी. आणि काठी न टेकता घरी निघून गेली. पेटी कोणी उचलली नाही. काही पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग लोक पांगले. यहूदा अजून तिथंच आहे. आज सकाळी त्याच्या खांद्यावर एक पाखरू बसलं होतं.

नेक्तारियो खाली झाडत होता. मी जवळ गेलो तर झाडणं न थांबवता म्हणाला, “दॉन एवारिस्तो, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, मी नेला?”

विचारावंसं किती वाटलं, तुला सांगतो! जीभ दातांपर्यंत आली होती. मी म्हटलं, “बूट छान आहेत तुझे.”

“मेहुण्याचे आहेत,” तो म्हणाला. “अंगठा दाबतो.”

एवढंच. मुकुट सापडलेला नाही. कदाचित सापडणारही नाही. त्याच्या बायकोला आज दुकानात कोणी काय म्हणालं ते अजून कळलेलं नाही. चांगलंच म्हणाले असतील असं मी धरून चालत नाही.

तुला मी काहीही विचारणार नाही. पहिलं पत्र लिहायला घेतलं तेव्हा खरं तर विचारण्यासाठीच घेतलं होतं, हेही कबूल करतो. ती खोली कोणाची, ती तार कोणाची. आजारी माणूस होतं, की मूल होतं, की प्रेमच होतं. प्रेम असेल तर मी लिहिलं त्यातलं काही खरं होतं, आणि म्हणून माझं पाप तसूभरही कमी होत नाही. ते तुझं आणि वरच्याचं. माझ्या वाटणीचं जे आहे तेवढ्याचीच मी क्षमा मागतो. दिलीस तर तुझी कृपा. नाही दिलीस तरी मला कारण नको.

तीनही पत्रं एकाच पाकिटात घालून आत्ताच जातो, पुन्हा पेटीपासून—

थांब. दार वाजतंय. काठीनं.

ओतिलिया, कांदेलारिया आली आहे. उभ्या आयुष्यात ती माझ्या उंबऱ्याशी आलेली नाही. रात्रभर झोपलेली दिसत नाही. मला वाटलं काठी डोक्यात घालायला आली, आणि मी मान खाली केली. ती म्हणते, “मान वर कर, नाटक पुरे. तिला लिहितोयस ना? किती कागद उरलाय?”

मी दाखवला. अर्धं पान आहे.

“तेवढा सोड,” म्हणते. “आणि तू बाहेर जाऊन बस.”

पेन तिच्या हातात देतो आहे. खालचं अर्धं पान तिचं. मी वाचणार नाही.

तुझा अपराधी,
एवारिस्तो