हेरन खाडीच्या टेकडीवरील विहिरीबाबत

देवाला स्मरून आणि शेवटी नावे असलेल्या दोन शेजाऱ्यांसमक्ष मी, टोबायस वेनलॉक, धंदा विहिरी खणणे, वय अंदाजे एकसष्ट, राहणार हेरन खाडी, व्हर्जिनिया, हे लिहवून ठेवतो. पाय सुजले आहेत, दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणी धाक घातलेला नाही. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

एक. राहते घर, मागची तंबाखूची जमीन व दोन गाई माझी मुलगी डॅमरिस हिला. तिचा नवरा गिडियन पास्क याने तिच्याबरोबर तिथे राहावे. मात्र कलम तीन नीट वाचावे.

दोन. कुदळ, आखूड दांड्याचे फावडे, रहाट व दोर वॉल्टर क्रोम याला. रहाट त्याने जीव तोडून ओढला, हे मान्य. पण पहिला शिंपला आपल्याला दिसला असे तो एकोणतीस वर्षे सांगत फिरतो. खाली मी होतो. तो वर होता.

तीन. टेकडीवरची विहीर. हिच्याबद्दल थोडे लांबण लावतो.

आम्ही त्र्याहत्तर जण जहाजातून उतरलो. जुलै अखेर एकतीस जणांना पुरले होते. उन्हाळ्यात भरतीबरोबर नदी खारट होई, आणि आम्ही तीच पीत होतो. वस्तीच्या कुंपणाच्या आत मी दोन विहिरी खणल्या. दोन्ही खाऱ्या निघाल्या. तेव्हा आमचे कप्तान राल्फ डनक म्हणाले, "शनिवारी जहाज सुटेल. ज्याला चालता येतं त्याने चढावं." चालता न येणारे अकरा होते. ते सगळे ऐकत पडले होते.

पलीकडच्या गावातली एक बाई आमच्याकडे मका घेऊन यायची. इथल्या मूळच्या लोकांपैकी ती. तिचे नाव मला कधी नीट उच्चारता आले नाही. आमची स्वयंपाकीण उर्सुला नदीवर घागर भरत होती. त्या बाईने घागर हातातून घेतली आणि ओतून टाकली. मग टेकडीवर चढून एका जागी टाच आपटली. उर्सुलाला तिची बोली थोडी येत असे.

"खाली गोड आहे म्हणते," उर्सुलाने सांगितले. "आणि असलं पाणी आम्ही कुत्र्याला पाजत नाही, असंही म्हणते."

सोमवारी सुरुवात केली. बाकीचे जहाजावर सामान चढवत होते, खणायला आम्ही तिघेच: खाली मी, रहाटावर वॉल्टर आणि उर्सुला. शुक्रवारी सकाळी, बावीस फुटांवर, कुदळ खणकन वाजली. हाताने माती सारली तर शिंपला, ताटाएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. चहूबाजूंनी भिंतभर शिंपले, थरावर थर, दोन्ही झाकणे मिटलेली. मी गुडघ्यांवर बसलो. डोक्यावर चौघांच्या कवेत न मावणारे ओक वृक्ष उभे, आणि त्यांच्या मुळांखाली समुद्राचा तळ.

"मेलास की काय रे टोबायस?" उर्सुलाने वरून विचारले.

"इथे समुद्र आहे," मी म्हणालो.

"अजून समुद्रच? दहा आठवडे त्याच्यावर ओकत आलो, ते कमी होतं का?"

शिंपल्यांची टोपली वर गेली. वॉल्टर म्हणाला, "नोहाचा प्रलय, दुसरं काय." उर्सुला शिंपल्यावरच्या, वर्षाला एक अशा वाढलेल्या वळ्या बोटाने मोजत होती. म्हणाली, "प्रलय वर्षभराचा. हा तर म्हातारा होऊन मेलाय."

सहा फूट आणखी खाली, शिंपल्यांच्या फटींतून पाणी आले. मी ओंजळीने प्यायलो आणि तिथेच रडलो. कप्तान तीन पेले प्यायले. मग म्हणाले, "सामान उतरवा." अकरांतले आठ वाचले. उर्सुलाशी मी नाताळात लग्न केले.

तीन वर्षांनी इथल्या मूळच्या लोकांशी लढाई पेटली. आमच्या माणसांनी त्या बाईचे गाव जाळले. रहाट मोडलाय असे सांगून मी मागे राहिलो. रहाट धड होता. मी आग लावली नाही. कोणाला अडवलेही नाही. धूर मी विहिरीपाशी उभा राहून पाहिला. ती बाई परत दिसली नाही.

म्हणून असे ठरवतो. ही विहीर कोणाच्या मालकीची नाही. त्या बाईच्या लोकांपैकी कोणीही येईल, कधीही येईल, न विचारता पाणी घेईल. गिडियन मला म्हणाला होता, "मामंजी, कुलूप लावू. लोक विचारून घेतील, घराचा मान राहील." मी त्याला विचारले होते, "ती जागा आपल्याला कुणी दाखवली?" तो उठून गेला. कुलूप लागले त्या दिवशी कलम एक रद्द होईल आणि घर चर्चकडे, आजाऱ्यांच्या सोयीसाठी, जाईल. डॅमरिस, हे तुला कठीण जाईल, पण तू त्याला सांभाळशील.

चार. मला उर्सुलाशेजारी पुरावे. खड्डा सहा फुटांचाच खणावा. त्याखाली जे आहे ते कोणाच्या नावावर करण्याचा अधिकार मला नाही.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.
टोबायस वेनलॉक

साक्षीदार: सायमन आर्डले, सुतार
जुडिथ फेन, सुईण (खूण)

हेरन खाडी, १२ ऑक्टोबर १६४८