त्रेसष्टावी चिठ्ठी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, आमच्या बाप्टिस्ट ख्रिस्ती मंडळीची बेचाळीस वर्षांची चिटणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. मन ठिकाणावर नाही, पण त्याचा दाखला कोणी मागत नाही. याआधीची तीन मृत्युपत्रे मी फाडली आहेत. त्यांतले एखादे कोणाकडे निघालेच तर ते रद्द समजावे.

कलम १. वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान माझ्या भाचीला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त जिन्याची तिसरी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. मी कोणालाच सांगितले नाही, आणि माप द्यायला वर येणारी निम्मी गिऱ्हाइके तिथेच अडखळली.

कलम २. शिलाई मशीन, इस्त्री आणि कापायचे टेबल माझ्याकडे काजे-बटणे करणाऱ्या बाईला द्यावे. मोठी कात्रीही तिलाच. शेजारच्या शिंप्याने मागितली तर देऊ नये. अठरा वर्षांपूर्वी त्याने ती दोन दिवसांसाठी नेली, कात्रीने पुठ्ठा कापला, आणि वर मलाच ऐकवले की तिला धार मुळातच नव्हती. मी हे विसरलेले नाही. मरतानाही विसरणार नाही असे दिसते.

कलम ३. कपाटातले अकरा पांढरे झगे बाप्तिस्म्याचे आहेत. ते मंडळीचेच, माझे नाहीत. आमच्यात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या माणसाने आपणहून मागायचा आणि पुरते पाण्याखाली जायचे. झगा तरंगून वर येऊ नये म्हणून मी काठात शिशाच्या गोळ्या शिवल्या आहेत. झगे पिळू नयेत, नुसते निथळत ठेवावेत.

कलम ४. इतिवृत्ताच्या नऊ वह्या आत्ताच्या पाळकांच्या हाती द्याव्यात. मंडळीला पंचाहत्तर वर्षे होतात, म्हणून त्यांनी मला आमच्या चार पाळकांचा इतिहास लिहायला सांगितला. दोन पाळक झरझर लिहून झाले. पहिले घड्याळे दुरुस्त करत. बंद पडलेल्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांनी चौदा माणसांची उपासना सुरू केली आणि वीस वर्षे कालव्याच्या पाण्यात बाप्तिस्मे दिले. स्वतः कायम सर्दीने बेजार असत, पण पाणी गार आहे असे एकदाही म्हणाले नाहीत. दुसरे फार कडक. त्यांनी प्रार्थनामंदिर बांधले, आत हौद बांधला, मला बाप्तिस्मा दिला आणि अक्षर बरे म्हणून चिटणीस केले. त्यांना सगळे भीत. मी अजूनही त्यांच्या फोटोसमोर सरळ बसते.

तिसऱ्या पाळकांपाशी माझी लेखणी अडली. त्यांच्याबद्दल मी लिहिले होते : ‘प्रकृतीच्या कारणास्तव पाच वर्षांनी सेवा सोडली.’ त्यांची प्रकृती ठणठणीत होती. दीड महिना ते पान मी मशीनवरून कपाटात आणि कपाटातून उशीखाली हलवते आहे. आता खरे लिहिते.

माझा धाकटा भाऊ अठ्ठाविसाव्या वर्षी ट्रकखाली गेला. ट्रकवाला प्यायलेला होता. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात आमचे तिसरे पाळक त्याला भेटत. सुटल्यावर तो मंदिरात येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला, आणि एके दिवशी त्याने बाप्तिस्मा मागितला. पाळक हो म्हणाले. तेही आधी आमच्या घरी येऊन, आईसमोर बसून, तिला विचारून. मी शिवत होते. मशीन थांबवले नाही. आई काय म्हणाली ते त्या आवाजात ऐकू आले नाही, आणि मी विचारलेही नाही.

मंडळी दुभंगली. आमच्यावर वरून कोणाचा हुकूम चालत नाही. पाळकाला बोलवायचे आणि काढायचे ते सभासदांनीच, मताने. सभा भरली. चिठ्ठीवर ‘राहावेत’ किंवा ‘जावेत’ एवढेच लिहायचे. मी चिठ्ठी उघडून वाचत होते आणि सुतारकाका फळ्यावर रेघा मारत होते. बासष्ट चिठ्ठ्या झाल्या तेव्हा एकतीस-एकतीस होते. त्रेसष्टावी उघडली. अक्षर आईचे. हात थरथरायचा म्हणून तिच्या मात्रा नेहमी शेजारच्या अक्षरावर पडत. तिने ‘राहावेत’ लिहिले होते.

तिचा मुलगा गेला होता आणि तिने ‘राहावेत’ लिहिले होते. मी ‘जावेत’ वाचले.

कोणी चिठ्ठी पाहायला मागितली नाही. मी चिटणीस होते ना. पाळकांनी उठून सभेचे आभार मानले आणि आठ दिवसांत बिऱ्हाड हलवले. जाताना पाळकीणबाईंनी माझ्याकडून घेतलेली सुईसुद्धा परत केली. पुढे तीन वर्षे मंडळीला पाळक मिळाला नाही, तो काळ इतिहासात ‘प्रतीक्षेचा काळ’ म्हणून मी फार सुंदर लिहिला आहे. तोही खोडावा.

त्या सभेवरून घरी येताना आई वाटेत थांबली.

“माझी चिठ्ठी मोजलीस ना गं?”

“मोजली.”

पुढे चार वर्षे ती जगली. पुन्हा तिने हा विषय काढला नाही. मी तिच्याकडे पाठ करून शिवत राहिले.

कलम ५. इतिवृत्ताच्या पाचव्या वहीत त्या सभेच्या पानावर मी दुरुस्ती केली आहे : राहावेत बत्तीस, जावेत एकतीस. आईची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती तिथेच चिकटवली आहे. ‘हे पान माझ्या दफनविधीनंतर सभासदांना वाचून दाखवावे’ असे मी पुढे लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. मेल्यावर कबुली देणे म्हणजे दार वाजवून पळून जाणे. येत्या रविवारी मी स्वतः सभेत उभी राहून वाचणार. आत्ताच्या पाळकांना काल सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे मी आलोच मुळी या खोटेपणामुळे.” अठ्ठावीस वर्षे ते आमच्यात आहेत.

तिसरे पाळक हयात नाहीत. पाळकीणबाई मुलीकडे असतात. मंगळवारच्या गाडीचे तिकीट काढले आहे. त्या दारातून परत पाठवतील तर परत येईन.

कलम ६. ट्रकवाल्याला मी काहीही ठेवलेले नाही. याचे कारण राग नव्हे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार तोच हवा होता. एकतीस वर्षे तो त्याच शेवटच्या बाकावर बसतो. बाप्तिस्मा राहिला तो राहिलाच; सभासद नाही, म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट त्याच्यापुढून तसेच जाते. त्याने पुन्हा बाप्तिस्मा मागितला नाही, कोणी विचारलेही नाही. आज त्याला मी बोलावून घेतले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, तरी चौथे कलम त्याच्या हातात दिले. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचले. मी तीनदा उठून खिडकी लावली आणि उघडली.

“बाप्तिस्म्याच्या पाण्याचं सोडा,” तो म्हणाला. “ते पाळक माझ्यापायी गेले, असं धरून मी इतकी वर्षं काढली. माझ्या बायकोलाही तसंच सांगितलं. ती तेच मानून मेली.”

मी माफी मागितली. डॉक्टरीणबाई शेजारी होत्या, त्यांनी ऐकले आहे. मग त्याने पेन मागितले.

“सही आत्ता करतो,” तो म्हणाला. “माफीचं मला विचार करू द्या.”

मी बरे म्हणाले.

वरील सर्व मजकूर माझा, अक्षर माझे, चुकाही माझ्याच.

स्थळ : दुकानावरची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च, रविवार, उपासनेनंतर

लिहून देणार : (सही) चिटणीस

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरीणबाई. बाईंनी माझ्यासमोर सही केली, नाडी जलद पण नियमित.
२. (सही) ट्रकचालक, निवृत्त. माझ्यासमोर सही केली. मी सभासद नाही, पण रविवारी सभेला येईन.